रोकड, हुंडी आणि भिंतीवरची पाटी

वाड्याच्या दिंडीशी देवडीवाला बसलेला असावा, आलेल्यागेलेल्याची वर्दी त्याने आत पोहोचवावी, आणि मालकाच्या परवानगीवाचून परक्या माणसाला चौकात पाऊल टाकू देऊ नये, हा जो आपल्याकडचा जुना दस्तुर, तो बेंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातील बहुमजली वसाहतींत अद्याप अबाधित आहे. फरक इतकाच, की येथे देवडीवरची वर्दी हाळीने न येता भिंतीवर जडवलेल्या एका काचेच्या पाटीवर उमटते. खाली फाटकाशी कोण उभा आहे, कुरिअरवाल्याला वर सोडायचे की नाही, पाण्याचा टँकर आला की नाही, दिवाणखान्यातला पंखा आपण चालूच ठेवून निघालो आहोत काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे ती पाटी देते. इंग्रजीतील ‘टॅबलेट’ या शब्दाचा मूळ अर्थही पाटी असाच असल्यामुळे आमच्या चिरंजीवांनी सहाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या बिऱ्हाडात दाराजवळ हा टॅब बसवला, तेव्हा मी त्याला पाटीच म्हणू लागलो, आणि पुढे घरात सर्वांच्या तोंडी तोच शब्द रूढ झाला.

या पाटीला एक विचित्र व्याधी जडली. सकाळी तिच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा ऐंशीच्या घरात असे, दुपारपर्यंत तो निम्म्यावर येई आणि दिवेलागणीच्या सुमारास पाटी काळी पडे. आणि हे सारे तिला चार्जरची वायर अहोरात्र जोडलेली असताना, विजेचे चिन्ह पडद्यावर इमानाने झळकत असताना घडे. रात्री पडदा मिटलेला असल्यामुळे ती पुन्हा सावकाश भरे व सकाळी काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने कामावर हजर होई. खर्च जमेपेक्षा अधिक झाला म्हणजे शिल्लक आटते हे कोणाही संसारी माणसाला ठाऊक असते. परंतु चार्जर दहा वॅटचा, पाटीचा खर्च तीन-चार वॅटांचा, असे असता मधली रक्कम कोठे गडप होत होती, हा खरा प्रश्न होता.

भिंतीला छिन्नी लावू नये अशी अट घरमालकाने करारनाम्यातच घातलेली असल्यामुळे दाराशी नवा प्लग-पॉइंट काढणे शक्य नव्हते. म्हणून चार्जर राउटरच्या कपाटात ठेवून, तेथून छताच्या कडेने पांढऱ्या केसिंग पट्टीतून, पूर्वीच्या कामातून उरलेल्या लॅन केबलची एक जोडी दारापर्यंत आणलेली होती. अंतर पंधरा मीटर. वायरमन मूळचा निपाणीकडचा, त्यामुळे मराठी बोलणारा, आणि हाताने चोख. त्याने पाटीची पिन काढून वायरीच्या टोकाला मल्टिमीटर लावला, ५.१ असा आकडा मला दाखवला आणि निकाल दिला, “काका, लाइन बरोबर आहे. पाचच्या वर देतेय. टॅबच गेलाय तुमचा.” मी त्याला म्हटले, “पाटी जोड, आणि जोडलेली असतानाच पुन्हा मोज.” त्याने तसे केले, आणि तोच आकडा पाहता पाहता ४.३ वर उतरला. पाटी काढली की ५.१, जोडली की ४.३. त्या दोन आकड्यांमधल्या फरकातच सगळा मामला दडलेला होता.

ज्या वसाहतीचे डोळे उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे लागलेले असतात तेथे याचा दृष्टान्त शोधायला दूर जावे लागत नाही. टँकर फाटकाबाहेर उभा राहतो आणि त्याची लांबलचक नळी आवारातल्या टाकीपर्यंत ओढत नेतात. नळीच्या टोकाशी तोटी बंद असेतोवर त्या टोकालाही पाण्याचा दाब पुरता जाणवतो, कारण पाणी वाहतच नसल्यामुळे नळीच्या अंगाशी त्याचे घर्षण होण्याचे कारणच नसते. तोटी उघडून पाणी वाहू लागले की दाबाचा काही अंश नळीतून वाट काढण्यातच खर्ची पडतो, आणि नळी जितकी लांब व अरुंद तितका हा खर्च मोठा. विजेचेही तसेच आहे. ज्याला आपण व्होल्ट म्हणतो तो दाब, ज्याला अँपिअर म्हणतो तो प्रवाह, आणि तार त्या प्रवाहाला जो अडथळा करते तो रोध. दाबातली घट म्हणजे प्रवाह व रोध यांचा गुणाकार, हा नियम गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केला आणि रोधाच्या एककाला पुढे त्याचेच नाव मिळाले. प्रवाह नसेल तर गुणाकार शून्य, म्हणून घटही शून्य; रिकाम्या टोकाला लावलेला मल्टिमीटर ५.१ दाखवतो तो यामुळे. तो खोटे बोलत नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, म्हणजे वायरमनच्या भाषेत ‘एक एमएम’च्या, तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला ०.०१७५ ओहमच्या आसपास असतो. लॅन केबलमधली एकेक तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, म्हणजे तिचा छेद सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर; सबब तिचा रोध पाचपट. शिवाय विजेला जाण्याची एक वाट आणि परतण्याची एक वाट लागत असल्यामुळे पंधरा मीटरचे अंतर हिशेबात तीस मीटर धरावे लागते, ही गोष्ट विसरल्यामुळे अनेकांचे गणित निम्म्याने चुकते. एकंदर रोध आला सुमारे अडीच ओहम. पाटीला पुरते चार्ज व्हायला हवे होते दोन अँपिअर. दोन गुणिले अडीच म्हणजे पाच: सबंध पाच व्होल्ट वाटेतच संपणार आणि पाटीच्या दाराशी शून्य पोहोचणार. पाटी अर्थात इतकी अडाणी नसते. आत येणारा दाब ढासळू लागल्याचे ओळखून ती आपली मागणी आवरती घेते. ५.१ मधून ४.३ वजा जाता उरलेल्या ०.८ ला अडीचने भागले, तर ती एका अँपिअरचा तिसरा हिस्सा कसाबसा ओढत होती, म्हणजे तिच्या पदरात दीड वॅटदेखील पडत नव्हते. दिवसा तीन-चार वॅट खर्च आणि दीड वॅट जमा. रात्री खर्च नगण्य आणि जमा तेवढीच. सकाळच्या ऐंशीचा आणि संध्याकाळच्या काळोखाचा उलगडा एवढ्या त्रैराशिकात होतो.

याहून कठोर अशी एक मर्यादा येथे आहे आणि ती ध्यानात घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. उगमाशी पाच व्होल्ट आणि वाटेत अडीच ओहम असतील, तर टोकाला काहीही जोडा, कितीही मोठा चार्जर आणा, अडीच वॅटांहून अधिक शक्ती त्या टोकाला पोहोचूच शकत नाही. प्रवाह वाढवत नेला तर एका मुक्कामापर्यंत शक्ती वाढते, उगमाचा निम्मा दाब तारेत व निम्मा टोकाला अशी वाटणी होते तेव्हा ती परमावधीला पोहोचते, आणि त्यापुढे प्रवाह वाढवावा तो तो तारच अधिक गिळंकृत करू लागते. दाबाच्या वर्गाला रोधाच्या चौपटीने भागले म्हणजे ही परमावधी मिळते: पंचवीस भागिले दहा, बरोबर अडीच. म्हणून ‘जास्त अँपिअरचा चार्जर लावून पाहा’ हा जो सल्ला दुकानदार, शेजारी आणि नातेवाईक एकमुखाने देतात तो या व्याधीवर निरुपयोगी आहे. खजिन्यात रक्कम कमी नव्हती. रस्ताच चोरांचा होता.

मग रस्ता रुंद करावा, म्हणजे जाड तार घालावी, हा विचार कोणालाही प्रथम सुचतो. पाच व्होल्टांपैकी पाव व्होल्टाहून अधिक वाटेत जाऊ द्यायचा नाही अशी माफक अट घातली, तरी दोन अँपिअरसाठी तीस मीटरला चार चौरस मिलिमीटरची तार लागते, आणि ‘चारची वायर’ म्हणजे ज्या तारेवर घरातला दोन हजार वॅटचा गिझर किंवा एसी चालतो ती. दहा वॅटांच्या पाटीसाठी दोन हजार वॅटांची तार, ही तजवीज पत्र पोहोचवायला हत्ती पाठवण्यासारखी झाली. परंतु या विसंगतीकडे हसून दुर्लक्ष न करता थोडे थांबून पाहिले तर ती फार मोलाची गोष्ट सांगते: तीच तार, तितकेच तांबे, २३० व्होल्टांच्या दाबाखाली दोनशेपट शक्ती निर्वेधपणे नेते. तेव्हा तारेचे सामर्थ्य तिच्या जाडीवर जितके अवलंबून आहे, तितकेच आपण तिच्या माथ्यावर कोणत्या स्वरूपाचा माल लादतो यावर आहे.

पेशवाईच्या काळी पुण्याच्या सावकाराला काशीस मोठी रक्कम पाठवायची झाली, तर तो रुपयांच्या थैल्या बैलांवर लादून शेकडो कोस धाडीत नसे. तो हुंडी लिही. हलक्याशा कागदावर रकमेचा सारा भार घातला जाई, तो कागद जासुदाच्या कमरेला जाई, आणि काशीच्या पेढीवर तो वटवला म्हणजे त्याची पुन्हा रोकड होई. यासाठी जो अल्पसा मोबदला द्यावा लागे त्याला हुंडणावळ म्हणत. वाटेतला धोका आणि खर्च नाण्यांच्या संख्येवर बसतो, रकमेच्या मोलावर नव्हे, हे त्या सावकारांनी ओळखलेले होते. विजेच्या बाबतीत नाण्यांच्या जागी अँपिअर घालावे. शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. दहा वॅट पाच व्होल्टांनी न्यायचे तर दोन अँपिअर लागतात, पन्नास व्होल्टांनी न्यायचे तर एक पंचमांश अँपिअर पुरतो. तारेची जकात मात्र केवळ प्रवाहावर बसते, आणि दृष्टान्त येथे सत्यापुढे तोकडा पडतो, कारण ही जकात प्रवाहाच्या पटीत न बसता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत बसते. दाब दुप्पट केला की प्रवाह निम्मा होतो आणि नुकसान चौथाईवर येते. दाब दहापट केला की नुकसान शंभरावा हिस्सा. इतक्या किफायतीची पेढी कोणत्याही सावकाराने चालवली नसेल.

हे तत्त्व कळायला जगाला जी किंमत मोजावी लागली तिचा इतिहास उद्बोधक आहे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले तेव्हा त्याने दिव्यांना लागणारा सुमारे ११० व्होल्टांचा एकदिश दाबच थेट रस्त्याखालून धाडला. परिणाम असा, की जाडजूड तांबे पुरूनही त्याच्या विजेचे राज्य वीजघराभोवतीच्या मैलभराच्या टापूपुरते मर्यादित राहिले. रोकडीच्या थैल्यांचा हा मार्ग होता. याच्या उलट, लाउफन ते फ्रांकफुर्ट हे १७५ किलोमीटरांचे अंतर १८९१ साली उच्चदाबाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने ओलांडले गेले, कारण रोहित्र, म्हणजे लोकांच्या तोंडचा ट्रान्सफॉर्मर, हे हुंडी लिहिण्याचे आणि वटवण्याचे यंत्र तोवर हाती आलेले होते.

आणि हा इतिहास युरोपपुरता राहिला नाही. तो बेळ्ळंदूरच्या अगदी उंबरठ्याशी येऊन पोहोचलेला आहे. येथून पूर्वेकडे कोलारच्या सोन्याच्या खाणी आणि नैर्ऋत्येकडे कावेरीचा शिवनसमुद्र येथील प्रपात. खाणींना शक्ती हवी होती आणि प्रपातापाशी ती फुकट कोसळत होती, परंतु या दोहोंमध्ये ९२ मैलांचे, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटरांचे अंतर होते. म्हैसूरचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांनी हा उद्योग अंगावर घेतला, आणि ते स्वतः १९०१ साली निवर्तले तरी दुसऱ्याच वर्षी, जून १९०२ मध्ये, तीस-पस्तीस हजार व्होल्टांच्या दाबाने कावेरीची शक्ती कोलारच्या खाणीत उतरली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होत असे. बेंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये. आमच्या बिऱ्हाडातल्या केसिंग पट्टीत जे गणित अडले होते ते याच भूभागावर शतकापूर्वी दहा हजारपट अंतरासाठी सुटलेले होते. आम्हाला त्याचा केवळ विसर पडलेला होता.

महाराष्ट्राने ते पुढे नेले. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी १९१५ साली खोपोलीच्या चक्रांवर सोडले आणि लाखाच्या घरातल्या व्होल्टांनी मुंबईच्या गिरण्यांना शक्ती पुरवली. आणि १९९९ साली चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरांची वाहिनी सुरू झाली, जिच्या एका धनवाहिनीत व एका ऋणवाहिनीत जमिनीच्या मानाने पाच-पाच लाख व्होल्टांचा दाब असून तिची क्षमता १५०० मेगावॅट आहे. या शेवटच्या आकड्यांचा भागाकार करून पाहावा: दहा लाख व्होल्टांवर दीड हजार मेगावॅट न्यायला अवघे दीड हजार अँपिअर पुरतात. तीच शक्ती घरगुती २३० व्होल्टांवर न्यायची म्हटली तर पासष्ट लाख अँपिअर लागतील, आणि तेवढे तांबे घालायला सह्याद्रीएवढा बांध रचावा लागेल.

आगगाडीतही हाच झगडा दिसतो. व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती १५०० व्होल्टांच्या एकदिश दाबावर. पुढे डबे वाढले, गर्दी वाढली, प्रवाहाची मागणी वाढली, तेव्हा वाटेत घटणारा दाब सावरण्यासाठी दर काही किलोमीटरांवर उपकेंद्रे उभारणे भाग पडले, आणि अखेरीस २०१६ पर्यंत मुंबईची सारी उपनगरी वाहतूक २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती दाबावर नेण्यात आली. बेंगळूरची मेट्रो रुळालगतच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट घेते, तर पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका डोक्यावरच्या तारेतून २५,००० घेतात. यांपैकी पहिलीला अधिक उपकेंद्रे लागतात आणि दुसरीला डब्यातच रोहित्र वागवावे लागते. हुंडी वटवण्याची पेढी रस्त्याकडेला ठेवायची की प्रवाशाच्या पडशीत, एवढाच हा फरक.

आता पुन्हा पाटीकडे वळू. खरे पाहता भिंतीतला २३० व्होल्टांचा पुरवठा ही आयती हुंडीच होय, आणि दाराशी प्लग-पॉइंट काढता आला असता तर चार्जर तेथेच लावून सारा प्रश्न मिटला असता. ज्याला शक्य असेल त्याने हाच सरळ मार्ग धरावा. ज्याला शक्य नसेल त्याने लघुतर दाबाची हुंडी लिहावी. कपाटात पाच व्होल्टांऐवजी चोवीस व्होल्टांचा अडॅप्टर ठेवावा, तीच तार राहू द्यावी आणि पाटीच्या पाठीशी चोवीसाचे पाच करणारे एक लहान यंत्र बसवावे. पाटीला दहा वॅट हवेत, यंत्राची हुंडणावळ सुमारे एक वॅट. अकरा वॅटांसाठी चोवीस व्होल्टांवर अर्ध्या अँपिअरहून किंचित कमी प्रवाह लागतो, वाटेत सव्वा व्होल्ट घटतात, तार अर्धा-पाऊण वॅट घेते, आणि बाकी सारे सुखरूप पोहोचते. बारा व्होल्टांवर हीच तार जवळजवळ चार वॅट गिळते, म्हणजे काम चालते पण उधळपट्टी होते. अठ्ठेचाळीसावर नुकसान वॅटाच्या सातव्या हिस्स्यावर येते. वर सांगितलेली परमावधीही त्याच प्रमाणात उंचावते: पाच व्होल्टांना जी अडीच वॅट होती ती चोवीसांना सत्तावन्न आणि अठ्ठेचाळीसांना दोनशेतीस होते. एक तसूही तांबे न वाढवता हा लाभ झाला.

बेंगळूरच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, ज्याला सारे शहर एस. पी. रोड म्हणते, अशी यंत्रे ‘बक कन्व्हर्टर’ या नावाने मुठीत मावतील एवढ्या आकारात मिळतात. प्रत्यावर्ती प्रवाहाची हुंडी रोहित्र वटवते, परंतु एकदिश प्रवाहापुढे रोहित्राचे काही चालत नाही. म्हणून येथे युक्ती निराळी. आतला अर्धवाहकाचा स्विच सेकंदाला लाखाहून अधिक वेळा उघडझाप करतो. चोवीसाचे पाच करायचे तर तो प्रत्येक फेऱ्यात साधारण एक पंचमांश काळच उघडा राहतो आणि उरलेला काळ बंद. हे जे शक्तीचे तुटक झोत आत येतात त्यांना एक तारेचे वेटोळे आणि एक धारित्र मिळून सलग करतात, जसे हातपंपाच्या हिसक्यांनी आलेले पाणी हौदातून शांतपणे वाहते. स्विच एक तर पुरता उघडा असतो किंवा पुरता बंद, मधल्या अवस्थेत रेंगाळत नाही, म्हणून उष्णता थोडी. जुन्या पद्धतीचा दाबनियामक चोवीसातले एकोणीस व्होल्ट सरळ जाळून टाकी. दोन अँपिअरना ती अडतीस वॅटांची शेगडी भिंतीवरच्या बंद डब्यात पेटवण्यासारखी गोष्ट झाली असती.

कचेऱ्यांतून हाच बंदोबस्त अधिक शिस्तीने केलेला आढळतो. लॅन केबलवरूनच वीज पुरवण्याचे पहिले मानक २००३ साली ठरले. त्यात उगमाशी ४४ ते ५७ व्होल्टांचा दाब, १५.४ वॅटांची शक्ती आणि शंभर मीटरांची मर्यादा आहे, आणि टोकाशी १२.९५ वॅटांची हमी. मधले २.४५ वॅट कोठे गेले? मानकाने वाटेचा रोध जास्तीत जास्त वीस ओहम आणि प्रवाह ०.३५ अँपिअर धरलेला आहे, ०.३५ चा वर्ग करून त्याला विसाने गुणावे, उत्तर नेमके २.४५ येते. वाटमारीचा अंदाज आधीच जमाखर्चात मांडून ठेवणारे असे चोख दप्तर पाहिले म्हणजे मन प्रसन्न होते. या पद्धतीत आणखी एक सावधपणा आहे: उगमाकडचे यंत्र प्रथम अगदी अल्प दाबाने समोरच्या टोकाची चौकशी करते, तेथे पंचवीस हजार ओहमची ठरलेली खूण सापडली तरच पुरा दाब सोडते, एरवी हात आखडता ठेवते.

चौकशीची ही रीत पाटीकडेही असते आणि ती न जाणल्यामुळे उत्तम तार घालूनही काही जणांची फसगत होते. यूएसबीच्या पिनमध्ये विजेच्या दोन तारांखेरीज माहितीच्या दोन तारा असतात. चार्जरमध्ये या दोन माहितीच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आढळल्या की पाटी समजते, समोर खरा चार्जर आहे, दीड अँपिअरपर्यंत मागायला हरकत नाही. त्या मोकळ्या लोंबकळत असतील तर पुष्कळ पाट्या भिडस्तपणे अर्ध्या अँपिअरवर समाधान मानतात. नव्या सी-प्रकारच्या पिनमध्ये हीच ओळख एका निराळ्या तारेवर ठरावीक मूल्याचा रोध ठेवून पटवली जाते. तात्पर्य, केवळ तांबडी आणि काळी तार पोहोचवून भागत नाही, तिच्याबरोबर शिफारसपत्रही लागते; म्हणून दाब उतरवणारे यंत्र यूएसबीची खाच असलेले आणि आतच ही ओळख जोडलेले घ्यावे हे उत्तम.

सुरक्षिततेचे दोन शब्द सांगितल्यावाचून हा विषय आटोपता घेणे गैर होईल. आपल्या जुन्या, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांच्या लेखी २५० व्होल्टांपर्यंतचा दाब हा लघुदाबच होता. परंतु कायद्याने ज्याला लघु म्हटले त्याने माणूस मरू शकतो, तेव्हा लॅन केबलच्या नाजूक आवरणातून २३० व्होल्ट नेण्याचा विचारही कोणी करू नये, आणि चोवीस व्होल्टांची तारदेखील २३० च्या तारांबरोबर एकाच पाइपातून ओढू नये. चोवीस व्होल्टांचा धक्का कोरड्या हाताला जाणवत नाही, हे खरे. पण दूरच्या टोकाला दोन तारा चिकटल्या तर अडीच ओहममधून साडेनऊ अँपिअर वाहू पाहतात आणि सुतासारखी तार तापते. म्हणून उगमापाशीच, कपाटात, एक अँपिअरचा फ्यूज असावा. तो टोकाला लावणे म्हणजे धरणाचा दरवाजा शेताच्या बांधावर बसवण्यासारखे आहे. शिवाय बॅटरी सदासर्वकाळ शंभरावर ठेवली आणि पाटी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर असली, तर लिथियमची बॅटरी कालांतराने फुगते. पाटीत ऐंशीच्या आसपास चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करावी, आणि काच चौकटीतून उचलल्यासारखी दिसली तर पाटी तत्काळ उतरवावी.

पुढच्या रविवारी वायरमन पुन्हा आला. त्याने कपाटातला अडॅप्टर बदलला, फ्यूज घातला, पाटीमागच्या डब्यात ते छोटे यंत्र बसवून त्यावरचा इवलासा स्क्रू फिरवत दाब ५.१ वर आणला, आणि या वेळी मी न सांगताच, पाटी जोडून, तिचा पडदा पुरता उजळवून मग मल्टिमीटर लावला. तारेच्या टोकाला २२.८, पाटीच्या तोंडाशी ५.१. तार तीच, पट्टी तीच, अंतर तेवढेच. संध्याकाळी सात वाजता आकडा अठ्ठ्याहत्तर होता.

सामान आवरता आवरता त्याने खिशातून काळे मार्कर पेन काढले, तारेच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत २४ लिहिले. मी कारण विचारले. तो म्हणाला, “काका, तुम्ही खोली सोडाल, दुसरा कोणी येईल. त्याला वाटेल चार्जरची वायर आहे, आणि सरळ टॅबला लावेल. जाग्यावर जळेल.” हुंडीवर रक्कम, मुदत आणि वटवण्याचे ठिकाण अक्षरी लिहिलेले असे, नाहीतर तो कोऱ्या कागदाचा कपटा ठरे, चोवीस व्होल्टांची तार मात्र नाव लिहिले नाही म्हणून कोरी ठरत नाही, ती चुकीच्या पेढीवरही पुरी वटते. मी त्याच्या हातातले पेन घेतले आणि कपाटातल्या दुसऱ्या टोकालाही तोच आकडा लिहून ठेवला.